पगार खात्यात, पण खातं कुणाच्या हातात?

(तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



सकाळपासून या वर्गात संविधान, शिक्षण, व्यक्तिगत कायदा असे मोठे विषय झाले. माझा विषय त्या मानाने घरगुती आहे. घरकाम करणाऱ्या बायकांचा पगार बँकेतून कसा द्यायचा, एवढंच मला सांगायचंय. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. ऑफिसात हा विषय काढला की मित्र म्हणतात, "यात बोलण्यासारखं काय आहे? कोड स्कॅन कर, पैसे टाक." देणाऱ्यासाठी ते खरंच तेवढं सोपं आहे. घेणारीच्या बाजूला जाऊन बसलं की कुठे कुठे अडतं ते दिसायला लागतं. मी आज त्या बाजूबद्दल बोलणार आहे.

या खोलीत दोन्ही बाजूंची माणसं आहेत. काहींची आई, खाला किंवा आपा धुणी-भांडी, केर-फरशी, पोळ्या अशी कामं करून घर चालवते, किंवा चालवत होती. आणि काहींनी आता नोकरीला लागून फ्लॅट घेतलाय, तिथे कामाला मावशी येतात. आपल्या पिढीत तर एकाच माणसाच्या आयुष्यात या दोन्ही गोष्टी घडल्यात. म्हणून मी दोन्हीकडच्यांशी बोलतोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. रोख पगार वाईट नसतो. रोख पैसा लगेच वापरता येतो. त्याला पिन लागत नाही, नेटवर्क लागत नाही. त्यात कमी असते ती नोंदीची. चार घरी काम करणाऱ्या बाईचे चार मालक असतात, आणि चौघांपैकी कुणाकडेही तिचं नाव लिहिलेलं हजेरीपत्रक नसतं. पगाराची चिठ्ठी नसते. दहा वर्षं काम केल्यावर एक दिवस "उद्यापासून येऊ नका" म्हटलं, की ती दहा वर्षं कुठल्याच कागदावर उरत नाहीत.

आपल्या पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला होता. पगारवाढ आणि रजा या साध्या मागण्या होत्या. त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. पुढे २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. कायदा आला, तरी आपण घरकाम करतो हे दाखवायचं कशाच्या आधारावर, हा प्रश्न अनेकींसाठी तसाच राहिला. मालक सही द्यायला कचरतात, त्यांना वाटतं आपण कशात तरी अडकू. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, सोसायट्यांची फाटकं बंद झाली. त्यानंतर २०२१ मध्ये सरकारने घरकामगारांना १,५०० रुपयांची मदत जाहीर केली, ती नोंदणी झालेल्यांना. ज्यांची नोंदणीच नव्हती त्यांच्यापर्यंत ती पोचणार कशी? अशा वेळी पासबुकात दर महिन्याला पडलेली एक ओळ उपयोगी पडते. ती सगळं सिद्ध करत नाही. पण या घरातून या बाईला दर महिन्याला एवढे पैसे जात होते, हे कुणालाही वाचता येतं.

आपल्याला ही गोष्ट नवी वाटू नये. कुराणातली सर्वांत लांब आयत नमाजाबद्दल किंवा रोज्याबद्दल नाही. ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. लिहून कसं ठेवायचं, साक्षीदार कोण असावेत, असा तपशील त्यात आहे. पूर्ण महिना राबून घेऊन पैसे नंतर देणं हीसुद्धा एक उधारीच आहे, असं मी समजतो. कामवाली महिनाभर आपल्याला उधार देते.

कोकणातल्या मुलांना तर हे वेगळं सांगायला नको. तुमच्या घरातलं कुणी ना कुणी आखातात असतंच. संयुक्त अरब अमिरातीने २००९ मध्ये खासगी कंपन्यांचे पगार बँकेमार्फत देण्याची व्यवस्था आणली. पगार थकला तर सरकारी खात्याला तो दिसावा, असा तिचा हेतू होता. तिकडे आपल्या माणसाचा पगार खात्यात वेळेवर पडला की नाही, यावर आपलं बारीक लक्ष असतं. मग इकडे आपल्या घरात काम करणारीचा पगार कधी द्यायचा, ते आपल्या सवडीवर का असावं?

आता मुद्द्याची गोष्ट. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ साली घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार केला. भारताने त्याच्या बाजूने मत दिलं, पण त्याला अजून औपचारिक मंजुरी दिलेली नाही. त्या करारात पगाराबद्दल एक कलम आहे, बारावं. पगार निदान महिन्यातून एकदा, थेट तिलाच आणि रोख द्यावा. बँकेतून द्यायचा असेल, आणि देशाच्या कायद्यात दुसरं काही ठरलेलं नसेल, तर तिची संमती घ्यावी, असा त्याचा आशय आहे. बँकेच्या आधी तिची संमती. आपण नेमकं उलटं करतो. "मावशी, आता कॅश नाही हो, नंबर सांगा" असं म्हणून मोकळे होतो. सोय आपली असते. त्यासाठीची धावपळ तिच्या वाट्याला जाते. २०१६ च्या नोटबंदीत हे सगळ्यांनी पाहिलंय. नोटांच्या रांगेत उभं राहायला खाडा करावा लागला, आणि काही घरांनी त्या खाड्याचेही पैसे कापले.

कोंढव्यात आम्ही काही मित्रमैत्रिणी रविवारी दुपारी बसतो आणि बायकांना बँकेच्या कामात मदत करतो. रविवारी दुपारीच का, तर इतर दिवशी बँक उघडी असते तेव्हा या बायका कामावर असतात. तिथे जे वारंवार दिसलं, ते क्रमाने सांगतो.

पहिली अडचण खात्याच्या प्रकाराची. बहुतेकींचं खातं असतंच. २०१४ मध्ये जनधन योजना आली तेव्हा उघडलेलं, मग कपाटात ठेवून दिलेलं. यातली काही खाती "छोटी खाती" म्हणून उघडलेली असतात, म्हणजे पुरेसे कागद नसताना फोटो आणि सही-अंगठ्यावर उघडलेली. या खात्यांना मर्यादा आहेत. आर्थिक वर्षात एकूण एक लाखापर्यंतच जमा, कधीही पन्नास हजारांहून जास्त शिल्लक नाही, महिन्याला दहा हजारांपर्यंतच काढता येतात. आता हिशेब करा. चार घरं, प्रत्येकी तीन हजार, म्हणजे महिन्याला बारा हजार. एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत ९६ हजार होतात. डिसेंबरचा पगार आला की मर्यादा ओलांडली. तेव्हा व्यवहार अडतो आणि तिला कारण कळत नाही. तिला वाटतं बाईंनी पैसे टाकलेच नाहीत, बाईंना वाटतं ही खोटं बोलतेय. म्हणून पहिलं काम असं, की बँकेत विचारायचं, हे खातं छोटं आहे की पूर्ण केवायसी झालेलं? छोटं असेल तर कागद देऊन ते साधं बचत खातं करून घ्यायचं. मूलभूत बचत खात्याला किमान शिलकीची अट नसते, एटीएम कार्डाला पैसे पडत नाहीत आणि महिन्यातून चार वेळा पैसे काढणं मोफत असतं. दोन वर्षं व्यवहार न झाल्याने खातं निष्क्रिय झालं असेल, तर ते पुन्हा सुरू करायला बँकेने शुल्क घ्यायचं नसतं. हे ठाऊक असावं, कारण काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही.

दुसरी अडचण नावाची, आणि ती दोन प्रकारची आहे. साधा प्रकार स्पेलिंगचा. आपल्याकडे एकाच घरात "शेख" इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, कुठे मागे "बी", कुठे "बानो". केवायसी तिथेच अडकते. यावर उपाय आहे, वेळखाऊ आहे एवढंच. एक कागद मुख्य धरायचा आणि बाकीचे त्याच्यासारखे करून घ्यायचे.

दुसरा प्रकार अवघड आहे. मुस्लिम बायका काम मिळावं म्हणून वेगळं नाव सांगतात, याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. आमच्याकडे एक बाई आल्या. खातं चालू, कागद नीट, फोनही स्वतःचा. तरी म्हणाल्या, "मला तो कोड नको." खूप वेळाने कारण सांगितलं. त्या इमारतीत त्यांना ज्या नावाने ओळखतात, ते नाव खात्यावर नव्हतं. आणि यूपीआयने पैसे पाठवताना समोरच्याला बँकेतलं नाव दिसतं. फसवणूक होऊ नये म्हणून हे नाव दाखवतात, आणि व्यवस्था म्हणून ते बरोबरच आहे. मी स्वतः ती बनवली असती तरी अशीच बनवली असती. पण त्या बाईंसाठी त्या पडद्यावरच्या एका ओळीचा अर्थ सहा वर्षांचं काम जाणं, असा होता.

यावर माझ्याकडे तांत्रिक तोड नाही. काहीजणी शेजारणीचा किंवा ओळखीच्या दुकानदाराचा कोड देतात. मग पगार दुसऱ्याच्या खात्यात जातो आणि स्वतःच्याच पैशासाठी हात पसरावा लागतो. ते रोखीपेक्षा वाईट. त्या बाईंना आम्ही एवढंच म्हटलं, की नाव कधी आणि कुणाला सांगायचं ते तुम्ही ठरवा. तोवर रोख घ्या, पण एका वहीत तारीख, रक्कम आणि मालकिणीची सही घेत जा. त्यांनी तसं सुरू केलं. नाव सांगण्याचं धैर्य त्यांनीच दाखवावं, असा आग्रह धरण्याचा मला अधिकार नाही, कारण काम त्यांचं जाणार आहे. आपण मात्र आपल्या सोसायटीत, ऑफिसात, मित्रांमध्ये हा विषय काढू शकतो. नाव ऐकून काम नाकारणं चुकीचं आहे, हे त्यांना तोंडावर सांगू शकतो. आणि ते सांगण्याआधी आपलं घरही बघू या. आपल्या घरी येणारीचा कप वेगळा ठेवलाय का? तिला आपला संडास वापरू देतो का? तिची जात, तिचं गाव विचारून मग काम दिलं का? दुसऱ्याच्या दारात आपल्याला जे टोचतं, ते आपल्या दारात चालत असेल, तर आपल्या बोलण्याला वजन येणार नाही.

तिसरी अडचण फोनची. घरात चांगला फोन एकच असतो आणि तो मुलाकडे किंवा नवऱ्याकडे. खात्याला नंबर त्याचाच जोडलेला. पगार जमा झाल्याचा मेसेज आधी त्याला जातो. रोख पगार होता तेव्हा ती पाचशे रुपये पदराला बांधून ठेवू शकत होती. बँकेत आल्यापासून पूर्ण आकडा घराला कळतो, आणि कार्डही घरातलंच कुणीतरी ठेवून घेतं. स्त्रीच्या हाती पैसा यावा म्हणून खातं काढलं, आणि होता तेवढाही गेला! हे मी पाहिलंय. म्हणून तीन गोष्टी तिला एकटीला करता येतात का, ते बघा. पगार आला की नाही हे तिला कुणाला न विचारता कळतं का? ती स्वतः पैसे काढू शकते का? पैसे आले नाहीत तर कुठे विचारायचं हे तिला माहीत आहे का? तिन्हींचं उत्तर हो असेल, तरच बँकेतून पगार सुरू करा.

त्यासाठी स्मार्टफोन लागतोच असं नाही. साधा बटणांचा फोन आणि स्वतःचं सिमकार्ड पुरतं. *९९# दाबून शिल्लक बघता येते. साध्या फोनवरून यूपीआय वापरायची सोय २०२२ पासून आहे. काहीच जमलं नाही तर महिन्यातून एकदा पासबुक छापून आणायचं. अंगठ्यावर मात्र फार विसंबू नका. गल्लीतल्या बँक मित्राकडे आधार आणि बोटाच्या ठशावर पैसे मिळतात, पण वर्षानुवर्षं भांड्यांची पावडर आणि सोडा लावून या बायकांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. मशीन पुन्हा पुन्हा "ठसा जुळत नाही" म्हणतं. कामानेच हात असे झाले, आणि त्या कामाचा पैसा काढताना त्याच हातांना मशीन ओळखत नाही. कार्ड आणि पिन शिकवा. आणि एक वाक्य पाठ करून घ्या: पैसे घ्यायला पिन लागत नाही, पैसे द्यायलाच लागतो. "पैसे आलेत, पिन टाका" असं कुणी म्हटलं, की फोन ठेवून द्यायचा.

चौथी गोष्ट भीतीची. खात्यात पैसे दिसले तर रेशन बंद होईल का, लाडकी बहीण योजनेचे पैसे थांबतील का, असं बायका विचारतात. ही भीती हसण्यावारी नेऊ नका. त्या योजनेला कुटुंबाच्या उत्पन्नाची वर्षाला अडीच लाखांची मर्यादा आहे. तिच्यासोबत बसून घरातल्या सगळ्यांच्या कमाईचा हिशेब मांडा आणि मग तिला ठरवू द्या. कुणी असंही विचारतं, की बचत खात्यावर व्याज पडतं, त्याचं काय? ज्यांना ते नको असतं त्यांच्यापैकी अनेकजण ती रक्कम बाजूला काढून गरजूंना देऊन टाकतात. तो निर्णय तिचा. व्याजाच्या प्रश्नावरून तिची मजुरी नोंदीबाहेर राहू नये, एवढंच मला वाटतं.

आता पगार देणाऱ्यांसाठी. तारीख ठरवा, एक ते पाचमधली, आणि ती पाळा. एनईएफटी २०१९ च्या डिसेंबरपासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालते, त्यामुळे "बँक बंद होती" ही सबब आता उरलेली नाही. पैसे टाकताना शेरा लिहा, "मार्चचा पगार". हे दोन शब्द पुढे पुरावा म्हणून कामी येतात. उचल दिली असेल तर ती वेगळी टाका, वेगळी लिहा. पगारातून परस्पर कापून उरलेली रक्कम पाठवलीत, तर पासबुकात तिचा पगार कमी दिसेल. बोनस वेगळा दाखवा. आणि दरमहा आपोआप पैसे जातील अशी सूचना बँकेला देऊन ठेवणार असाल, तर वर्षातून एक तारीख पगारवाढीचीही लिहून ठेवा. रोख देताना दर महिन्याला तिची-तुमची गाठ पडायची, ती म्हणू शकायची, "ताई, औंदा वाढवा जरा." आपोआप जाणारा पगार तीन-तीन वर्षं त्याच आकड्यावर राहतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

खातं चालू झालं की आणखी एक काम करता येतं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये खात्यातून कापले जातात आणि अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आलं तर दोन लाख मिळतात. वय १८ ते ७० हवं. ओल्या फरशीवर, खिडकीच्या कठड्यावर उभं राहून काम करणारीसाठी हे वीस रुपये मालकानेच भरावेत असं माझं मत आहे. विमा घ्यायचा की नाही, हे पुन्हा तिला विचारून.

या सगळ्याने घरकाम करणाऱ्या बाईला किमान वेतन मिळणार नाही, आठवड्याची सुट्टी मिळणार नाही, पेन्शन मिळणार नाही. त्यासाठी संघटना लागते, कायद्याची अंमलबजावणी लागते. पण उद्या संघटनेने कुणाच्या दारात जाऊन हिशेब मागितला, तर तिच्या हातात काहीतरी लिहिलेलं असायला हवं, पासबुक असो की सही असलेली वही.

तुम्हा प्रत्येकाला एकच काम देतो. या महिन्यात एका बाईसोबत बसा. तुमची आई असेल, खाला असेल, तुमच्या घरी येणाऱ्या मावशी असतील. खातं कुठल्या प्रकारचं, नाव कसं लिहिलंय, नंबर कुणाचा जोडलाय, कार्ड कुणाकडे आहे, आणि तिला स्वतःला रोख हवं की बँकेतून, हे पाच प्रश्न विचारा. पाचव्या प्रश्नाचं उत्तर "रोख" आलं तर वाद घालू नका, एक वही घेऊन द्या. तिच्या वेळेला जा, तुमच्या नाही. दुपारी तीननंतर त्या थोड्या मोकळ्या असतात.

आता काही विचारायचं असेल तर विचारा.